अकरावी-बारावीची मुलं कॉलेजात परत येऊ द्या

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विज्ञान शाखेच्या आमच्या दोन्ही तुकड्या हजेरीपटावर भरलेल्या आहेत. वर्गात मात्र पंधरा-वीस मुलं असतात, आणि त्यांतली बहुतेक क्लासची फी न परवडलेली. बाकीची त्याच वेळी कुठल्या तरी क्लासच्या हॉलमध्ये बसलेली असतात. याला इंटिग्रेटेड म्हणतात, कुणी टायअप म्हणतात. प्रवेशाच्या वेळी पालकांचा पहिला प्रश्न प्रयोगशाळेबद्दल किंवा शिक्षकांबद्दल नसतो. ते विचारतात, "मॅडम, हजेरीची सक्ती नाही ना?"

विद्यार्थ्यांवरच्या ताणाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. परीक्षेच्या तोंडावर राज्य मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. केंद्र सरकारची टेलिमानसची १४४१६ ही सेवा २०२२पासून चोवीस तास चालू आहे. या सोयी हव्यातच, त्यांनी मुलं वाचतात. पण सतरा वर्षांचं मूल अनोळखी नंबर फिरवायला बसतं, तेव्हा पाणी बरंच वर आलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी ते डबा न खाता परत नेऊ लागतं, मागच्या बाकावर सरकतं, एरवी हात वर करणारं गप्प होतं. हे कळायला रोज त्याच्यासमोर उभं राहणारं, त्याला नावानं ओळखणारं माणूस लागतं. अकरावी-बारावीच्या मुलासाठी सरकारनं असं माणूस नेमलेलं आहे, त्याला पगारही मिळतो. फक्त मूल त्याच्यासमोर येत नाही. या पत्रात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

ती मुलं आम्हाला भेटतात जानेवारीत. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, प्रत्येकाला तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात, त्यामुळे तेव्हा यावंच लागतं. वर्षभराची जर्नल आठवड्यात पुरी होते. एकाची वही दहा जणांत फिरते आणि सगळ्यांच्या लंबकाचा आवर्तकाल दशांशापर्यंत सारखा येतो. मागे एक मुलगी आली होती, हुशार, क्लासच्या वरच्या बॅचमधली. व्हर्निअर कॅलिपरचा लीस्ट काउंट विचारला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर दिलं. मग मी तिच्या हातात कॅलिपर आणि एक पितळी गोळी दिली. गोळी जबड्यात कशी धरायची ते तिला कळेना. मुख्य पट्टीवरचं माप कुठून वाचायचं, व्हर्निअरची कोणती रेघ जुळते, काहीच कळेना. सगळं करून दाखवल्यावर तिनं स्वतः तीन वेळा माप घेतलं, तिन्ही थोडी वेगळी आली आणि ती घाबरली. आपलं चुकलं असं तिला वाटलं. दर वेळी थोडा फरक पडणारच, म्हणून तर आपण सरासरी काढतो, हे तिला बारावीच्या जानेवारीत पहिल्यांदा कुणी सांगितलं. त्या दिवशी ती बेल झाल्यावरही प्रयोगशाळेत थांबली. जाताना म्हणाली, दीड वर्षात पहिल्यांदा घड्याळ लावल्याशिवाय काही केलं.

क्लासमध्ये चांगले शिक्षक आहेत, हे मी नाकारत नाही. पण तिथली रचनाच वेगळी आहे. टेस्ट झाली की रँकची यादी लागते, मार्क घसरले की बॅच बदलते. बॅच बदलली की शिक्षक बदलतात, शेजारी बसणारा मित्र बदलतो. गाव सोडून रूमवर राहणाऱ्या मुलाला तर तेवढाच मित्र असतो. घरी फोन केला की पहिला प्रश्न मार्कांचा. मी आईबापांना दोष देत नाही. २०२५च्या नीटला बावीस लाखांवर मुलं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. एवढ्या अरुंद दारातून मूल पलीकडे जावं म्हणून माणूस जमीन विकून फी भरतो. पण त्या मुलाचं काय होतंय हे बघणारं त्या दोन वर्षांत कुणीच उरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातले १,७६४ होते, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. प्रत्येकामागचं कारण परीक्षाच असेल असं नाही. तरी या आकड्यात आपलं राज्य पहिलं आहे, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

लातूर पॅटर्नचं नाव अजून सगळे घेतात. मात्र तो सुरू कुठे झाला, हे विसरलं गेलं आहे. लातूरच्या कॉलेजांतल्या शिक्षकांनी आपल्याच वर्गांत जादा तास घेतले, सराव परीक्षा घेतल्या, पेपर तपासून मुलांना समोर बसवून चुका दाखवल्या. त्यातून खेड्यापाड्यातली मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आली. मेहनत तेव्हाही जबर होती आणि ताणही असणार. पण मूल कॉलेजात होतं आणि त्याला शिकवणारा त्याला ओळखत होता. पुढे नाव तेच राहिलं आणि शिकवणं कॉलेजबाहेर गेलं.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. ७५ टक्के उपस्थितीचा नियम तर त्याच्या आधीपासूनचा. तरी वर्ग रिकामेच राहिले, कारण मुलानं यंत्रावर बोट ठेवून आत येऊन करायचं काय, याचं उत्तर कुणी दिलं नाही. जानेवारी २०२४मध्ये केंद्रानं सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये अशा सूचना काढल्या. अकरावीचं मूल सोळाच्या उंबरठ्यावर असतं, म्हणजे खरा भार ज्याच्यावर त्याला यातून फारसं काही मिळालं नाही. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका सतरा वर्षांच्या नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून बॅचेस पाडू नयेत, चारचौघांत मुलांना कमी लेखू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ही तत्त्वं क्लासेसनाही लागू आहेत.

साहेब, इंटिग्रेटेडवर नुसती बंदी घातलीत तर पहिला मार मुलांनाच बसेल. ती सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी क्लास असा दुहेरी दिवस काढतील. म्हणून आधी कॉलेजात यायला कारण द्या. राज्याची सीईटी आपल्याच अभ्यासक्रमावर असते, सुमारे वीस टक्के अकरावीच्या आणि ऐंशी टक्के बारावीच्या. ती तयारी कॉलेजच्या वेळापत्रकात, कॉलेजच्याच शिक्षकांनी करून घ्यायला काय अडचण आहे? अडचण एकच, शिक्षक पुरेसे नाहीत. कितीतरी ठिकाणी रिक्त पदांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक आहेत. ते एका तासाला येतात, दुसऱ्या तासाला दुसऱ्या कॉलेजात जातात, पुढच्या वर्षी असतील की नाही ते त्यांनाच ठाऊक नसतं. अशा शिक्षकाकडून मुलानं डबा न खाल्ल्याचं लक्षात येण्याची अपेक्षा कशी करायची? ती पदं आधी भरा.

दुसरं, प्रात्यक्षिकाचे तीस गुण एका दिवसाच्या परीक्षेवर ठेवू नका. काही गुण दर महिन्याच्या प्रयोगांना द्या. मुलानं प्रयोगाच्या दिवशीच जर्नल लिहावी, त्याच दिवशी त्यावर तारीख-सही व्हावी, आणि मंडळाच्या माणसानं न कळवता येऊन ती पाहावी. मुलं प्रयोगशाळेत नियमित येऊ लागली तर वर्गातही येतील, हा माझा अनुभव आहे. जी पंधरा-वीस मुलं आज येतात तीही प्रयोगांमुळे टिकली आहेत.

समुपदेशकाचं पद मंजूर करताना ते विज्ञानाच्या कॉलेजांपासून सुरू करा, आणि तो जूनमध्येच रुजू होऊ द्या, म्हणजे फेब्रुवारी येईपर्यंत मुलं त्याला ओळखू लागलेली असतील. क्लासेसवरच्या नियंत्रणाचं पुढे जे व्हायचं ते होईल. वर मागितलेल्या गोष्टी मात्र मुख्यतः आपल्याच विभागाच्या अखत्यारीत आहेत. येत्या जूनच्या प्रवेशांआधी यावर आपला निर्णय कळावा, ही विनंती.

आपली,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका