विश्लेषण : ओट्यावर एस्प्रेसो मशीन आणताना पैसे नेमके कशावर घालावेत?

ठाणे स्थानकातून पूर्वेला उतरले की कोपरी. इथे कटिंग चहा पावलोपावली मिळतो. कॅफेंची गर्दी मात्र रुळांच्या पलीकडे, राम मारुती रस्ता आणि गोखले रस्त्याच्या परिसरात. तिथे एक कॅपुचिनो दोनशे-सव्वादोनशे रुपयांना पडते. आठवड्यातून दोनदा तिकडे जाणाऱ्याच्या मोबाइलवर लवकरच एस्प्रेसो मशीनच्या जाहिराती येऊ लागतात. 'पंधरा बार', 'वीस बार', 'कॅफेची चव घरच्या घरी' आणि खाली बिनव्याजी हप्त्यांची सोय. किमती आठ-दहा हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत. तीस हजारांवर बोट ठेवले की घरातून प्रश्न येतो, 'कॉफी करायला एवढे पैसे?' प्रश्न रास्त आहे. अनेक घरांत ही महिन्याच्या पगारातली मोठी रक्कम असते. त्यामुळे त्या तीस हजारांत नेमके काय मिळते आणि काय नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

'वीस बार' म्हणजे जास्त चांगली कॉफी?

नाही. एस्प्रेसोला दाब लागतो साधारण ९ बारचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची इटालियन यंत्रे वाफेच्या जोरावर चालत आणि त्यांचा दाब जेमतेम दीड-दोन बार असे. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाजिया यांच्या दांडा ओढायच्या यंत्राने तो वाढवला आणि कपात प्रथमच तो सोनेरी-तपकिरी फेस दिसला, ज्याला क्रेमा म्हणतात. १९६१ मध्ये फेमा कंपनीच्या 'ई ६१' यंत्राने हाताऐवजी विजेचा पंप आणला आणि ९ बार हा आकडा रूढ झाला. कॅफेतली महागडी यंत्रे आजही त्याच्याच आसपास चालतात.

खोक्यावरचा १५ किंवा २० हा आकडा पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो ते सांगतो. कॉफीवर प्रत्यक्षात किती दाब पडतो, हे पूड किती बारीक आहे आणि यंत्रात जादा दाब सोडणारी झडप आहे की नाही यावर ठरते. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत अडकलेल्या स्कूटरच्या काट्यावर १२० लिहिलेले असण्याला जेवढा अर्थ, तेवढाच या आकड्याला. किमतीची तुलना करताना बार सरळ बाजूला ठेवावा.

मग चव ठरते कशावर?

दळण्यावर. जाहिरात या जागी गप्प असते, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

स्वस्त मशीनसोबत बहुधा दुहेरी तळाची गाळणी येते. वरून ती नेहमीसारखी दिसते, पण खालच्या तळाला एकच सूक्ष्म भोक असते. त्या भोकातून कॉफी जोराने बाहेर पडते आणि फेस तयार होतो. पूड शिळी असो, जाड असो, फेस येणारच. याला फसवणूक म्हणणे कठोर होईल. बाजारची तयार पूड वापरून दूध-साखरेची कॉफी प्यायची असेल तर ही गाळणी बरे काम करते. पण कॅफेतल्या कपाची घट्ट, गोडसर चव तिच्यातून निघत नाही.

त्यासाठी एकेरी तळाची गाळणी लागते. तिच्यात पाण्याला अडवणारे कॉफीच्या पुडीशिवाय काहीच नसते. सर्वसाधारण प्रमाण असे : १८ ग्रॅम पूड, त्यातून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. बारा सेकंदांतच कप भरला तर ती पातळ आणि आंबट लागते; पूड आणखी बारीक हवी. पाऊण मिनिट लागले तर कडवट. पूड किंचित जाड हवी. हा फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो, जिभेला मात्र लगेच कळतो. गिरणीत चकलीची भाजणी आणि लाडवाचे बेसन एकाच जाडीचे चालत नाही, हे मराठी घराला वेगळे सांगायला नको. कॉफीच्या बाबतीत तोच नियम जास्त काटेकोर आहे, इतकेच.

घरातल्या मिक्सरचा इथे उपयोग नाही. त्यात काही पूड पिठासारखी होते, काही रव्यासारखी राहते, आणि पाणी मधल्या मोकळ्या वाटांनी निसटते. माटुंग्याच्या मैसूर कन्सर्न्ससारख्या जुन्या दुकानांतून दळून आणलेली पूड सुरेख असते, पण तिचे दळण असते दक्षिणी फिल्टरसाठी, एस्प्रेसोपेक्षा जाड, आणि अनेकदा चिकोरी मिसळलेले. शिवाय दळलेल्या कॉफीचा वास झपाट्याने उडतो. सोमवारी जुळलेले प्रमाण शनिवारी चुकते ते यामुळेच.

म्हणून हिशेब असा : तीस हजारच घालायचे असतील, तर अठ्ठावीस हजारांचे मशीन आणि पाकिटातली पूड यापेक्षा पंधरा-सोळा हजारांचे मशीन आणि दहा-बारा हजारांचा चांगला हाताने फिरवायचा ग्राइंडर यांची कॉफी सरस होते. उरलेल्यात दशांश ग्रॅम मोजणारा छोटा काटा येतो, तो चैनीचा नाही. हाताचा ग्राइंडर फिरवायला एका डोसला मिनिटभर लागते आणि सकाळी सकाळी दंडाला व्यायाम होतो. विजेचा, तेवढाच बारीक दळणारा ग्राइंडर याच्या दीड-दुपटीने महाग पडतो.

ग्राइंडर आतच बसवलेली मशीनही मिळतात. जाणकार त्यांना नाक मुरडतात, आणि त्यांचे कारण खोटे नाही. एक भाग बिघडला तर सगळे यंत्र दुरुस्तीला जाते, आणि पुढे फक्त ग्राइंडर बदलायचा म्हटले तर सोय नसते. पण कोपरीतल्या जुन्या इमारतींत ओट्यावर शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर मांडल्यावर किती जागा उरते, हेही पाहावे लागते. तिथे दोनऐवजी एकच वस्तू ठेवता येणे ही सोयच आहे. डिलाँगीची 'डेडिका' जेमतेम १५ सेंटिमीटर रुंद आहे. तिच्या खपात या रुंदीचा वाटा नसेल असे मानणे कठीण आहे.

चौघांच्या घरात काय होते?

एस्प्रेसो मशीन एका माणसाचा विचार करून बनते, मराठी घरातली कॉफी मात्र पातेल्यात होते. संध्याकाळी पाहुणे आले की दूध उकळायचे, कॉफी घालायची, वर जायफळ किसायचे आणि पाच कप एकदम ट्रेमध्ये. मशीन हे काम एकेक कप करून करते. घरात मशीन आल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुरबुर सुरू होते ती चवीवरून क्वचितच; पहिला कप थंड झाला आणि चौथा अजून व्हायचाच आहे, यावरून होते.

इथे बॉयलरचा प्रकार कामाला येतो. एकच बॉयलर असलेल्या यंत्रात कॉफीला ९० ते ९६ अंशांचे पाणी लागते आणि दुधाच्या वाफेला त्याहून बरेच जास्त तापमान. म्हणजे कॉफी काढा, थांबा, वाफ करा, मग पुढच्या कपासाठी पुन्हा थंड करा. थर्मोब्लॉक प्रकारात पाणी तापलेल्या धातूतून जाता जाता गरम होते. थांबणे कमी होते, पण स्वस्त यंत्रांत वाफेचा जोर बेताचाच असतो. दोन बॉयलर किंवा उष्णता-विनिमयाची यंत्रे दोन्ही कामे एकदम करतात. पण त्यांची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आणि आकार ओट्याबाहेर जातो.

त्यामुळे कुटुंबासाठी तडजोडच शहाणपणाची. कॉफी मशीनमध्ये काढावी आणि दूध गॅसवर गरम करून दीड-दोन हजारांच्या फेस करणाऱ्या भांड्यात किंवा दट्ट्याच्या फ्रेंच प्रेसमध्ये घुसळावे. कॅफेसारखे पान-फूल कपावर उमटणार नाही. पण चार कप एकत्र गरम येतील. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवलेले गोड लागते, आणि साय आधी काढावी, नाहीतर फेसात गुठळ्या होतात. जायफळ सोडण्याचे कारण नाही. कॅफेत फेसावर दालचिनी भुरभुरतात, ते कोणाला खटकत नाही.

तापमान दशांशात राखणाऱ्या 'पीआयडी' या सोयीसाठी पाच-सात हजार जास्त मागितले जातात. हलक्या भाजलेल्या बियांची कॉफी दुधाशिवाय पिणाऱ्याला तिचा फायदा कळतो. गडद भाजलेली कॉफी दूध-साखर घालून पिणाऱ्याने ते पैसे बियांवर घालावेत.

सकाळच्या लोकलचे काय?

कोपरीतून स्थानक चालत गाठणाऱ्याच्या सकाळी मिनिटे मोजलेली असतात. थर्मोब्लॉकची यंत्रे मिनिटभराच्या आत तयार होतात. जड पितळी भागांच्या, ५८ मिलिमीटर गाळणीच्या यंत्रांना नीट तापायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि 'ई ६१' धाटणीच्या यंत्रांना अर्धा तास. टिकाऊपणात ती सरस, म्हणून मंचांवर त्यांचीच वाहवा होते. पण ७.४०ची गाडी पकडणाऱ्याच्या घरी असे यंत्र फक्त रविवारी चालते.

विजेचेही पाहावे. साध्या लहान पिनांच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर साधारण १,३८० वॅटपर्यंतच भार चालतो. त्याहून जास्त वॅटचे यंत्र असेल तर १६ अँपिअरचा पॉइंट हवा. जुन्या स्वयंपाकघरांत तो एकच असतो आणि तिथे आधीच मायक्रोवेव्ह किंवा फ्रिज लागलेला असतो. वायरमनला बोलावण्याचा खर्च मशीनच्या किमतीत धरावा. पाण्याच्या बाबतीत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी बॉयलरमध्ये थर साचवते, तर आरओचे अगदी क्षारहीन पाणी कॉफी फिकी करते. नळाचे गाळलेले पाणी पुरते. थर काढण्याचे वेळापत्रक पुस्तिकेत दिलेले असते, ते पाळायचे.

पैसे वसूल होतात का?

होतात, पण अट आहे. अडीचशे ग्रॅम ताज्या भाजलेल्या बियांचे पाकीट ५५० रुपयांना धरले तर १८ ग्रॅमच्या हिशेबाने त्यात तेरा-चौदा कप होतात. म्हणजे कपामागे चाळीस रुपयांची कॉफी आणि दहाएक रुपयांचे दूध. कॅफेतल्या २२० रुपयांच्या तुलनेत १७० रुपये वाचतात. पस्तीस हजारांचा संच असेल तर २०६ कपांत पैसे फिटतात; आठवड्याला दोन कपांच्या हिशेबाने साधारण दोन वर्षे.

पण कोणी घरी आठवड्याला दोनच कप पीत नाही. मशीन आले की रोज दोन होतात, आणि महिन्याला तीन हजारांचा खर्च उभा राहतो. पूर्वी कॅफेवर जात होते सतराशे-अठराशे. त्यात सुरुवातीचे बिघडलेले कप आलेच. पहिले पाकीट प्रमाण जुळवण्यातच संपते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका कॉफीचा जागतिक भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर, विक्रमी पातळीवर गेला होता, हेही लक्षात असू द्यावे. बचतीचे कारण पुढे करून मशीन घेऊ नये. रोज चांगली कॉफी हवी म्हणून घ्यावे, आणि ते कारण पुरेसे आहे.

बियांवर थोडी बचत करायची असेल तर रोबस्टा मिसळलेले पाकीट घ्यावे. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त आहे आणि भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा खरेदीदार देश इटली आहे. तिथल्या एस्प्रेसोला ती चालते. दुधात तिची चव दबत नाही आणि क्रेमाही जाड येतो. 'शंभर टक्के अरेबिका' या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज दुधाची कॉफी पिणाऱ्याला नाही.

परदेशातून मागवले तर?

अमेरिकेतला भाचा 'तिकडे निम्म्या किमतीत मिळते' म्हणतो, ते कधी कधी खरेही असते. पण तिकडचे यंत्र १२० व्होल्टचे. इथल्या २३० व्होल्टवर थेट लावले तर पहिल्याच सकाळी जळेल. दीड हजार वॅटचा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड, महाग आणि ओट्यावर आणखी जागा खाणारा. शिवाय हमी बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते. पंप आणि रबरी गॅस्केट हे झिजणारे भाग आहेत. ते ठाणे-मुंबईत मिळतात का, हे घेण्याआधी सेवा केंद्राला फोन करून विचारावे. पंचवीस हजारांच्या वर हा प्रश्न रंगरूपापेक्षा मोठा ठरतो.

घाई नसेल तर क्रम उलटा करता येतो. आधी ग्राइंडर घ्यावा आणि दोन महिने तो मोका पॉटसोबत किंवा पितळी फिल्टरसोबत वापरावा. रोज दळण्याचा कंटाळा आला, तर मशीनचे पैसे वाचले. नाही आला, तर तोच ग्राइंडर पुढे मशीनलाही चालतो. मात्र एस्प्रेसोइतका बारीक दळणारा आहे याची खात्री घेतानाच करावी. मग मशीन वापरलेले घेतले तरी चालते. 'चारच वेळा वापरले' अशा जाहिराती कायम असतात. बघायला जाताना स्वतःच्या बिया न्याव्यात, एक कप समोर काढून घ्यावा, दांड्याच्या कडेने पाणी गळते का ते पाहावे. विकणाऱ्याकडे ग्राइंडरही आहे का, हे सहज विचारावे. बऱ्याचदा तो त्याने घेतलेलाच नसतो.