गरोदर बाईचा ताप अंगावर काढू नका

पावसाळ्यात आपल्या वस्तीत ताप आला की क्रम ठरलेला असतो. दोन दिवस मेडिकलमधली गोळी, मग इंजेक्शन, तरी उतरला नाही तर सलाईन. रक्त तपासायची पाळी आठवडा उलटल्यावर येते, आणि तेव्हाही "पेशी किती?" एवढंच विचारलं जातं. मांडवगण फराट्यासारख्या भीमाकाठच्या उसाच्या गावातून मजुरी बुडवून शिरूरला किंवा दौंडला जाणं सोपं नाही, हे आम्ही जाणतो. पण घरात गरोदर बाई तापली असेल तर हा क्रम मोडलाच पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण झिका. डेंग्यू-चिकुनगुनिया पसरवणारा, दिवसा चावणारा एडीस डासच तो पसरवतो. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात, जुलै २०२१ मध्ये सापडला. गावात तापाची साथ होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या पथकाने बेलसर आणि परिंचे इथल्या ४१ जणांचं रक्त तपासलं. त्यात २५ चिकुनगुनियाचे, ३ डेंग्यूचे आणि एक झिकाचा निघाला. ती ५० वर्षांची बाई बरी झाली. पण तीच गरोदर असती तर? झिका पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो, बाळाचं डोकं आणि मेंदू नीट न वाढण्याचा धोका असतो.

२०२४ मध्ये पुणे शहरात शंभरावर रुग्ण सापडले, त्यात गरोदर बायका बऱ्याच होत्या. केंद्र सरकारने ३ जुलैला राज्यांना कळवलं, की झिका असलेल्या भागातल्या गरोदर बायकांची तपासणी करा. झिका झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, म्हणून आसपास एक रुग्ण निघाला की ताप नसलेल्या गरोदर बाईचीही तपासणी हवी. शहरात जे झालं ते गावातही व्हायला हवं, ही काही मेहेरबानी नव्हे.

सगळ्यांनीच झिकाची तपासणी मागावी असं आम्ही म्हणत नाही. धडधाकट माणसाला रिपोर्ट काहीही आला तरी विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल हाच उपचार. डेंग्यूची शंका मात्र सगळ्यांच्याच बाबतीत धरावी. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि अंगदुखीसाठी ब्रुफेन, ॲस्पिरिन मनाने घ्यायची नाही.

तपासणीला मुदत असते, हे आपल्याला कुणी सांगत नाही. झिकाचा विषाणू रक्तात साधारण पहिला आठवडाच सापडतो, लघवीत थोडे दिवस जास्त. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत करायची, पुढे आयजीएम. डेंग्यूची पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे झिका नाही, असं होत नाही. म्हणून ताप चढला ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि सरकारी दवाखान्यात सरळ सांगा: "पाचवा महिना आहे, तापाचा तिसरा दिवस आहे, झिकासाठी नमुना पाठवा."

वर्षावासात विहारात बायका जमतातच. तिथेच आशाताईंना बोलावून वस्तीतल्या गरोदर बायकांची यादी करता येईल. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोप्यांतल्या गरोदर बायकांची नावं गावच्या वहीत नसतात, तीही त्या यादीत घालावीत.