पावाची रांग आणि बर्गरची रांग

नाताळच्या सुटीत आखातातून घरी परतणाऱ्या कुटुंबांच्या बॅगा उघडण्याचा सोहळा वसईतील कोणत्याही आळीला नवा नाही. ऐंशीच्या दशकात त्या बॅगांतून टँगच्या बरण्या निघत, क्राफ्ट चीजचे डबे निघत, आणि ते काचेच्या कपाटात असे मांडले जात, की आतला जिन्नस संपला तरी डबा जागचा हलत नसे. आज या वस्तू आपल्याही बाजारात मिळतात. म्हणून डब्यांची जागा आता गोष्टींनी घेतली आहे. कोणत्या मॉलमध्ये कोणते अमेरिकन उपाहारगृह उघडले, तिथला बर्गर केवढा असतो, मुले घरच्या कालवणाला कशी तोंडही लावत नाहीत, हे सारे कौतुकाने सांगितले जाते. एका नाताळात आजीने पहाटे उठून केलेले फुगे परडीत तसेच राहिले, आणि मुलांची आई हसत म्हणाली, "तिकडे यांना अमेरिकन खाण्याची सवय झालीय ना!" त्या हसण्यात बढती मिळाल्याचे समाधान होते.

या समाधानाशी माझे भांडण आहे. परंतु ते मांडण्यापूर्वी माझ्या बाजूने बोलू पाहणाऱ्या एका पक्षाला मला दूर सारले पाहिजे. हा पक्ष म्हणतो, की परक्यांचे अन्न आले की धर्म गेला, संस्कृती बुडाली, म्हणून त्या खाण्यावर बहिष्कारच घालावा. सुज्ञ वाचकहो, हे आपल्या तोंडी शोभत नाही. १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून अधिक वर्षे पोर्तुगिजांच्या अमलाखाली राहिलेल्या वसईच्या स्वयंपाकघरात परके काय आणि आपले काय, हे कोण निवडून काढणार? लाल मिरची अमेरिका खंडातली, बटाटा तिथला, टोमॅटो तिथला. काजू, पेरू, पपई आणि अननसही तिथलेच. पाव हा शब्द पोर्तुगीज आणि ज्या मेजावर तो आपण ठेवतो ते मेजही पोर्तुगीज. इंद्यालातून मिरची आणि व्हिनेगर काढून टाका, मग संस्कृतीच्या नावाने पातेल्यात काय उरते ते पाहा.

शिवाय ज्याला आपण अमेरिकन म्हणून नावे ठेवतो, त्यात आपल्याच धर्मबांधवांचा हातभार आहे. मॅकडॉनल्ड्सचे माशाचे सँडविच १९६२ साली सिनसिनाटी शहरात जन्मास आले, ते कॅथलिकांमुळे. लू ग्रोएन हा तिथला दुकानदार. त्याच्या वस्तीत कॅथलिकांचा भरणा मोठा, आणि शुक्रवारी ते मांस वर्ज्य करीत असल्यामुळे त्या दिवशी त्याचे दुकान ओस पडे. त्यातून त्याने माशाची युक्ती काढली. कंपनीच्या प्रमुखाने तिच्यासमोर आपले अननसाचे सँडविच उभे केले आणि माशाने त्याला सहज हरवले. तेव्हा बर्गरच्या दुकानाला शुक्रवार पाळायला आपल्याच लोकांनी शिकवले आहे. खाद्यपदार्थ निष्पाप असतो. त्याच्यावर दात-ओठ खाण्यात अर्थ नाही.

मग माझे भांडण कशाशी आहे? ते सांगण्यासाठी मला दोन रांगांची हकीकत सांगावी लागेल. त्या दोन्ही रांगांत मी स्वतः उभा होतो.

मी १९८३ साली कुवेतला नोकरीस गेलो. १९९० च्या ऑगस्टच्या २ तारखेस इराकी फौजा शहरात शिरल्या. काही दिवसांतच दुकाने रिकामी झाली, बँका बंद पडल्या आणि हाती राहिलेल्या दिनारांची किंमत कागदाइतकी झाली. पाव भाजणारे परदेशी कामगार जीव घेऊन निघून गेले होते. ज्यांनी आयुष्यात कधी पीठ मळले नव्हते असे कुवेती तरुण वस्तीतल्या सहकारी भांडारांच्या भट्ट्यांवर उभे राहून खुब्ज भाजू लागले. खुब्ज म्हणजे तिकडची चपटी, फुगीर रोटी. पहाटेपासून रांग लागे. त्या रांगेत मालक होते, मोलकरणी होत्या, इजिप्शियन मास्तर होते, केरळच्या परिचारिका होत्या. माणशी ठरावीक रोट्या मिळत. माझ्या इमारतीतील एक पॅलेस्टिनी म्हातारा रोट्या घेऊन आला, की जिन्यातच उभा राहून विचारी, "आज कोणाला मिळाली नाही?" आणि आपल्या वाट्याची मोडून देई. सप्टेंबरमध्ये आम्ही बसराह, बगदादमार्गे जॉर्डनला पोहोचलो, आणि एअर इंडियाच्या विमानांनी ज्या लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून मायदेशी आणले, त्यांत मी एक होतो. त्या वाटेवर मी कोणाकोणाच्या हातची भाकर खाल्ली याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

१९९२ साली पोटासाठी मी पुन्हा तिथेच गेलो. १९९४ साली कुवेतमध्ये मॅकडॉनल्ड्सचे पहिले दुकान उघडले. गाड्यांची रांग कित्येक मैल लांब गेल्याची बातमी जगभर छापून आली. त्या गर्दीतल्या एका गाडीत मी, माझी पत्नी आणि आमची दोन मुले होतो. तास-दीड तासाने चार पुडकी हाती आली. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजत होते, म्हणून पुढे जाऊन समुद्राकाठी गाडी उभी केली आणि प्रत्येकाने आपापले पुडके मांडीवर घेऊन समोरच्या काचेकडे पाहत खाल्ले. चव वाईट नव्हती. थोरल्याने धाकट्याला बटाट्याची एक काडी देण्यास नकार दिला, कारण धाकट्याची त्याला मिळाली होती आणि त्याने ती संपवली होती. हिशेब चोख होता. त्याच शहरात, चार वर्षांपूर्वी, जिन्यात मोडून मिळालेली रोटी मला आठवली. पण मी काही बोललो नाही. उलट त्या संध्याकाळचे छायाचित्र काढून गावी पाठवले, आणि काचेच्या कपाटात त्याचीही मांडणी झाली.

माझा आक्षेप आहे तो या बसण्यावर. अमेरिकन पद्धतीचे हे भोजन मुळात एक यंत्र आहे. १९४८ साली मॅकडॉनल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील आपले उपाहारगृह काही काळ बंद ठेवले आणि नव्या रीतीने उघडले. वाढपी काढून टाकले, काचेची भांडी आणि काटे-चमचे काढून टाकले, पदार्थांची यादी कापून नऊवर आणली आणि हॅम्बर्गर पंधरा सेंटना विकला. गाडीतून येणाऱ्या, घाईत असलेल्या, खिशात थोडे पैसे असलेल्या माणसाची ती सोय होती, आणि सोय म्हणून ती उत्तम होती. मौज अशी, की तिथे जे गरिबाचे आणि घाईचे जेवण, ते समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत आले आणि सणाचे जेवण झाले. १९९६ साली वांद्र्याला तसे दुकान उघडले, तेव्हा आपल्यातील कित्येक कुटुंबे ठेवणीतले कपडे घालून तिथे गेली. गाडीवानाच्या शिदोरीला आपण पाटावर बसवले, आणि आजीचा पाट उचलून ठेवला.

आणि ज्या अमेरिकन असण्यासाठी एवढा खटाटोप, ते तरी तिथे शिल्लक आहे काय? कुवेतमध्ये डुकराच्या मांसाला बंदी, म्हणून तिथले बेकन गोमांसाचे किंवा टर्कीचे. २००३ साली अरबांच्या जिभेसाठी चपट्या रोटीतला 'मॅकअरेबिया' निघाला. आपल्या कपाटातल्या त्या चीजचे म्हणाल, तर आखातातला तो व्यवसाय, बहरीनमधल्या कारखान्यासकट, २०१९ साली आर्ला या मूळच्या डॅनिश-स्वीडिश दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने विकत घेतला. कंपन्या शहाण्या आहेत. ज्या देशात जातात तिथल्या माणसाच्या पानाकडे पाहून आपला पदार्थ बदलतात. आपण मात्र पदार्थासाठी आपले पान बदलतो.

या दुकानांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे, आणि ती मी प्रामाणिकपणे बोलतो. तिथे पैसे देणाऱ्याला कोणी जात विचारत नाही. भाव सर्वांना एक, रांग सर्वांना एक, जागा स्वच्छ. ज्या देशात चहाचा कप जातीवरून वेगळा ठेवला गेला, त्या देशातून आलेल्या माणसाला ही समता लहान वाटू नये. मलाही ती लहान वाटली नाही. परंतु ही समता गल्ल्यापाशी सुरू होते आणि गल्ल्यापाशीच संपते. गल्ल्याच्या पलीकडे कोण उभा असतो?

तिथे आपलाच मुलगा उभा असतो. कुवेतमध्ये शुक्रवार हा सुटीचा दिवस, म्हणून रविवारची मिस्सा आम्ही बहुतेक जण शुक्रवारी ऐकत असू आणि तिथून थेट उपाहारगृहात जात असू. प्रायश्चित्तकाळातल्या एका शुक्रवारी आम्ही चार कुटुंबे अशीच एका अमेरिकन धर्तीच्या उपाहारगृहात गेलो. मांस वर्ज्य, म्हणून माशाचे सँडविच मागवले आणि आपला नियम पाळल्याच्या समाधानात बसलो. ट्रे घेऊन आलेला गणवेशातला मुलगा मला पाहून हलक्या आवाजात म्हणाला, "अंकल, मी तुमच्या शेजारच्या गावचा." सकाळी सहाच्या मिस्सेला तो माझ्याच बाकावर बसला होता. शांतीची खूण म्हणून मी त्याचा हात हातात घेतला होता आणि त्याचा चेहरा पाहिला नव्हता. सकाळपासून काही खाल्लेस का, असे मी विचारले. तो म्हणाला, "पाळी सुटल्यावर. रात्री दहाला." बसायला सांगणे शक्य नव्हते, नोकरी गेली असती. आम्ही खाल्ले, तो पुसत राहिला. उठताना मी ट्रेखाली पाव दिनार ठेवला आणि स्वतःला उदार समजलो.

घरी आल्यावर संत पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र उघडले. त्याच्या अकराव्या अध्यायात पौल संतापला आहे, आणि तो संताप पदार्थांवरून नाही. लोक एकत्र जमतात, पण जो तो आपलेच जेवण उरकतो, कोणी उपाशी राहतो तर कोणाला अति होते, आणि ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना खाली पाहावे लागते, याबद्दल तो संतापला आहे. अशा जेवणाला प्रभूचे भोजन म्हणता येणार नाही, असे तो बजावतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या करिंथमध्ये बर्गर नव्हता. आपापले पुडके मात्र होते.

रोममध्येही याच प्रश्नाची एक आवृत्ती घडली. २०१६ च्या डिसेंबरअखेरीस व्हॅटिकनच्या भिंतीलगत बोर्गो पिओ रस्त्यावर, व्हॅटिकनच्याच मालकीच्या इमारतीत मॅकडॉनल्ड्स उघडले, तेव्हा कार्डिनल एलिओ स्ग्रेच्चा यांनी जाहीर विरोध केला. त्या परिसराची खाद्यपरंपरा बिघडते असे त्यांचे म्हणणे, आणि त्या जागेचा उपयोग गरजूंसाठी व्हावयास हवा होता, असेही. पुढे २०१७ च्या जानेवारीत त्याच दुकानातून एका सेवाभावी संस्थेच्या मार्फत आसपासच्या बेघरांना जेवणाची पुडकी वाटली जाऊ लागली. कंपनीने ते पुण्यासाठी केले की नावासाठी, हा वाद कोणी खुशाल घालावा. निर्णायक प्रश्न मात्र एकच राहिला: या मेजावरून कोणाला जेवायला मिळते?

तोच प्रश्न मी परदेशस्थ बांधवांपुढे आणि त्यांच्या कौतुकात रमलेल्या आपल्या घरांपुढे ठेवतो. बर्गर खा, जिभेला आवडला तर दोन खा. पण त्याला प्रगतीचे प्रशस्तिपत्र समजू नका, आणि मुलांनी आजीच्या परडीकडे पाठ फिरवली तर ते कौतुकाने सांगू नका. सवय लागली नाही, लावली गेली. जो पिता मांडीवरचे पुडके आणि समोरची काच एवढेच मुलांना जेवण म्हणून दाखवतो, त्याच्या मुलांना पुढे मोडून देता येत नाही, आणि मागताही येत नाही. हे मी माझ्या दोघांकडे पाहून लिहितो आहे. त्यांचा काही दोष नाही. गाडी मी चालवत होतो.

त्या शुक्रवारनंतर आमच्या घरी एक रीत पडली. पाळी नसलेल्या एखाद्या शुक्रवारी तो मुलगा आणि त्याच्या खोलीतले आणखी तिघे, त्यांतला एक नेपाळी आणि एक फिलिपिनो, आमच्याकडे जेवायला येऊ लागले. पत्नी तांदळाच्या भाकरी करी, मी सुक्या बोंबलांचे कालवण ढवळी. जागा अपुरी, म्हणून जमिनीवर चटई अंथरून आम्ही वाटोळे बसत असू. पहिल्या खेपेस तो नेपाळी मुलगा जेवण झाल्याबरोबर उठला आणि सवयीने सर्वांची ताटे गोळा करू लागला. माझ्या धाकट्याने त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि म्हणाला, "आज तुम्ही बसा."

माझ्या तेहतीस वर्षांच्या परदेशवासात मुलांच्या तोंडून ऐकलेले ते सर्वांत समाधानाचे वाक्य होय. येत्या नाताळात बॅगा उघडतील, तेव्हा कोणी कोणत्या मॉलमध्ये काय खाल्ले ते जरूर ऐकू. पण त्याआधी प्रत्येक घराने पाहुण्याला एवढे विचारावे: तिकडे तुमच्या घरी या वर्षात कोण जेवून गेले?