चांदबिबीचा महाल, जो तिचा नाहीच

गेल्या महिन्यात एका विकांताला ऑफिसची गँग नगरला जाऊन आली. (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, पण जिभेला अजून सवय नाही.) डोंगरावरचा 'चांदबिबीचा महाल' बघितला. तीन मजली, अष्टकोनी, वारा म्हणजे टोपी सांभाळा! 'राणीच्या महालात' म्हणून ग्रुपवर फोटोही टाकले.

घरी येऊन वाचायला घेतलं आणि पचका झाला. तो महाल नाहीच, निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. म्हणजे चांदबिबीच्या नावाने जी इमारत दाखवतात, ती तिची नाही. मग तिचं नक्की काय?

शाळेतून आपल्याला एवढंच आठवतं : तलवार घेऊन मोगलांशी लढली. ते खरंच आहे. १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादने किल्ल्याला वेढा घातला, सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ही बाई स्वतः खिंडारावर उभी राहिली. पण त्याआधी विजापुरात, १५८० मध्ये नवरा अली आदिलशहा गेल्यावर, तिने अल्पवयीन इब्राहिमच्या नावाने कारभारात भाग घेतला होता. दरबारातले गट सांभाळायचे, वर वऱ्हाड सोडून तह करायचा, हे तलवारीइतकंच अवघड काम. त्याचा पुतळा होत नाही, एवढंच. शेवटी मोगलांना फितूर झाल्याची अफवा उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. १६०० मध्ये किल्ला मोगलांकडे गेला.

'पण ती अपवाद होती रे,' असं मित्र म्हणाला. मलाही तसंच वाटायचं. आपल्या डोक्यात मुसलमान राण्या म्हटलं की पडदा आणि जनानखाना. पण दिल्लीच्या तख्तावर रझिया १२३६ मध्ये बसली होती. लांब कशाला, चांदबिबीची आई घ्या, खुंजा हुमायून. १५६५ मध्ये हुसेन निजामशहा वारला, मुलगा मुर्तझा लहान, म्हणून काही वर्षं राज्य आईनेच चालवलं. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं.

आता खरी गोष्ट. त्याच सुमाराला रचलेल्या 'तारीफ-इ-हुसेनशाही' या सचित्र फारसी काव्याचं हस्तलिखित आपल्या पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी राणी होती. नंतर कुणीतरी तिच्या आकृतीवर रंग फासला. ती सत्तेवरून गेल्यावर हे झालं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. राजा आहे, सिंहासन आहे, आणि शेजारी एक चमत्कारिक रंगाचा पट्टा.

हे वाचताना मला घाम फुटला, कारण हा उद्योग मी स्वतः केलाय. आमच्या टीममधली सीनियर बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिने सहा महिने खपून केलेलं डिझाइन क्लायंटसमोर मांडायचं होतं. मॅनेजर म्हणाला, 'आता जी टीम आहे तेवढीच नावं ठेव.' मी ठेवली. दोन क्लिकचं काम. वाईट हेतू वगैरे काही नव्हता, आणि तीच तर भीतीची गोष्ट आहे.

माझं मत असं की 'अपवाद' हा शब्द आपण फार सोयीने वापरतो. आधी नावं पुसायची, मग उरलेलं एखादं नाव बघून म्हणायचं, अरे वा, एकच होती! एका घरात आई आणि मुलगी, दोघींनी राज्यकारभार केला. आपल्याला माहीत आहे फक्त मुलगी, तीही तलवारीपुरती.

असो. सोमवारी डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर तिचं नाव परत टाकलं आणि तिला मेल केला. उत्तर एका ओळीचं आलं : 'मला वाटलंच होतं, पण विचारलं नाही.'

माफीचं अजून लिहायचंय.