भोके तीन, वायरी दोन

पलंगाशेजारी मोबाइल चार्ज करायला जागा हवी, ओट्याच्या कोपऱ्यात मिक्सरसाठी प्लग हवा, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलापाशी दिवा लावायची सोय हवी. अशा गरजांसाठी हार्डवेअरच्या दुकानात एक सुटसुटीत वस्तू मिळते: एकाच पट्टीवर बटण आणि सॉकेट असलेला कंबाइंड बॉक्स. जुना बोर्ड उघडायचा, दोन वायरी जोडायच्या, स्क्रू आवळायचे की झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वायरमनची वाट पाहत बसण्यापेक्षा मग घरातलेच कुणीतरी टेस्टर घेऊन पुढे सरसावते. बटण बदलणे आणि प्लग वाढवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते.

कायद्याने हा फरक फार पूर्वीच केला आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासाठी परवानाधारक ठेकेदाराची सक्ती केली नाही. अट एवढीच की त्या बदलामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. दिव्याच्या बटणाजागी कंबाइंड बसवला की नवा लोड येतो, नवा पॉइंट तयार होतो आणि काम या सवलतीबाहेर जाते. ही अट कागदी नाही, तिचे कारण भिंतीच्या आत आहे.

ज्या बोर्डात फक्त दिव्याचे बटण असते, तिथे बहुतेक वेळा दोनच वायरी असतात. एक मेनकडून आलेला फेज, दुसरी बटणातून दिव्याकडे जाणारी. न्यूट्रल परस्पर दिव्यापर्यंत गेलेला असतो, बोर्डात उतरलेलाच नसतो. सॉकेटला मात्र तीन वायरी लागतात: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. समोरून पाहिले तर वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. फेज आधी बटणात जातो आणि बटणातून सॉकेटच्या उजव्या टोकाला येतो. बटण चुकून न्यूट्रलवर बसले, तर ते बंद केल्यावर उपकरण थांबते खरे, पण सॉकेटमध्ये वीज तशीच राहते.

न्यूट्रल सापडला नाही की जुगाड सुरू होतात. दिव्याकडे जाणारी वायरच न्यूट्रल समजून जोडली, तर चार्जर नीट चालत नाही आणि चूक लगेच कळते. घातक ठरते ती न कळणारी चूक. बोर्डात अर्थिंगची हिरवी वायर असेल तर तीच न्यूट्रल म्हणून वापरली जाते. मिक्सर फिरतो, दिवा लागतो, सगळे खूश होतात. प्रत्यक्षात जी वायर एरवी रिकामी राहायला हवी, तिच्यातून आता सतत करंट वाहतो. कुठे जॉइंट सैल झाला किंवा उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला, की त्याच अर्थिंगवरच्या फ्रिजच्या, गिझरच्या, वॉशिंग मशीनच्या धातूच्या अंगात वीज उतरू शकते.

दुसरा जुगाड याहून फसवा आहे. लाकडी पट्टीतले वायरिंग असलेल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंगची वायर अनेकदा नसतेच. मग तिसरे भोक भरायचे म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थिंगच्या टोकांमध्ये वायरचा छोटा तुकडा जोडला जातो. मल्टिमीटर लावला तर सगळे आकडे बरोबर दिसतात: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये शून्य. आणि एक दिवस मागे कुठेतरी न्यूट्रल तुटतो. वीज उपकरणातून न्यूट्रलपर्यंत येते, तिथून त्या तुकड्यावाटे अर्थिंगच्या पिनेत शिरते आणि इस्त्रीच्या पत्र्यावर पूर्ण दाबाने उभी राहते. जी पिन जीव वाचवण्यासाठी इतर दोन्हींपेक्षा लांब ठेवली आहे, म्हणजे प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी, तीच शॉक देते. असा तुकडा जोडणे हा गुन्हाच मानला पाहिजे.

एमसीबी आहे ना, मग काळजी कसली, असे अनेकांना वाटते. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून नाही. शरीरातून एक अँपिअरचा दहावा भाग गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि तेवढ्याने सहा अँपिअरची एमसीबी हलतही नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी घरात असलीच पाहिजे.

लोडचा हिशेब तर कुणीही करू शकतो. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट मिळतात. १५०० वॉटच्या किटलीला साडेसहा अँपिअर लागतात, २००० वॉटच्या इंडक्शन शेगडीला जवळपास पावणेनऊ. दिव्याच्या लाइनवर कंबाइंड बसवून ही उपकरणे चालवली की सहा अँपिअरचे सॉकेट, आणि वायर बारीक असेल तर तीही, सोसू नये ते सोसते. एमसीबी वारंवार पडते म्हणून मोठी एमसीबी टाकली जाते आणि वायरचे उरलेसुरले संरक्षणही संपते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत देशभरात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांहून अधिक मृत्यू दिसतात. त्यांत शेतातले पंप आहेत, रस्त्यावरच्या तारा आहेत, आणि घरेही आहेत. हा आकडा कमी करायला नवे संशोधन लागत नाही. अमेरिकेच्या वायरिंग संहितेने २०११ पासून बहुतेक दिव्यांच्या बटणांच्या बॉक्समध्येही न्यूट्रलची सोय ठेवायला सांगितले. आपल्याकडे नव्या इमारतींत प्रत्येक बोर्डापर्यंत न्यूट्रल आणि अर्थिंग दोन्ही ओढणे बिल्डरांना बंधनकारक करावे. फ्लॅटच्या चावीबरोबर वायरिंगचा नकाशा मिळावा. कंबाइंडच्या प्रत्येक पाकिटावर मराठीत ठळक आकृती असावी आणि तीन वायरी नसतील तर हा बॉक्स बसवू नये, असे तिथे स्पष्ट लिहावे.

जुन्या इमारतींचे काम सोसायट्यांनीच हाती घ्यायला हवे. वार्षिक सभेत पार्किंग आणि पाण्याच्या टाकीवर तासन्‌तास चर्चा होते. त्याच सभेत अर्थिंगच्या खड्ड्याची मोजणी, प्रत्येक घरातली आरसीसीबी आणि सॉकेटच्या मागची जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडून तपासून घेण्याचा ठराव सभासदांनी मांडावा, आणि त्याचा लेखी अहवाल उन्हाळा संपायच्या आत मागून घ्यावा.