वाड्यातली एक खोली शिकणाऱ्या मुलीसाठी

काशीतल्या समस्त मराठी मंडळींनो,

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा, मंगळागौरी या पट्ट्यात किती वाड्यांच्या वरच्या मजल्याला कुलूप आहे, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कुणी अमेरिकेला गेली. खाली म्हातारा-म्हातारी आणि गच्चीवर माकडं, असा एकेका घराचा संसार उरला आहे. हे पत्रक त्या कुलपांविषयी आहे. त्यातली काही आम्हाला उघडून हवी आहेत. नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डायलिसिस, क्ष-किरण असे अभ्यासक्रम शिकणाऱ्या, शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी. आणि ज्या घरांतली माणसं दवाखान्यात आजवर फक्त रुग्ण म्हणूनच गेली, त्या घरांतल्या मुलांना आधी: मदनपुरा, बजरडीहा, अलईपुरा, लोहता इथल्या विणकरांची मुलं, घाटांवरच्या मल्लाहांची मुलं, आणि हो, आपल्यातलीही, ज्यांच्या घरी पौरोहित्याचं आता भागत नाही.

काहींच्या कपाळाला आठी पडेल. म्हणून सरळच बोलतो.

आपले पूर्वज या शहरात शिकायला आले तेव्हा त्यांच्या जेवणाची आणि निजण्याची सोय कुणीतरी केली होती. पेशव्यांनी, होळकरांनी, शिंद्यांनी, नागपूरकर भोसल्यांनी इथे नुसते घाट बांधले नाहीत. मराठी दात्यांची अन्नछत्रं चालत होती, आणि त्यांच्या पंगतीला बसून व्याकरण, न्याय, वेद शिकलेल्यांचे आपण वंशज आहोत. शहाणा दानधर्म होता तो: मुलाला दोन वेळचं अन्न आणि एक कोपरा दिला की पुढचं तो बघतो. खोट एकच होती. तो कोपरा एका जातीच्या मुलग्यांनाच मिळायचा. आज आम्ही मागतो आहोत ती सोय तीच आहे, फक्त दार थोडं रुंद करायचं आहे.

आरोग्याचंच क्षेत्र का? सर सुंदरलाल रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी तासभर उभं राहून पाहा. पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड इथून लोक येतात. बनारस हिंदू विद्यापीठात 1960 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आज तिथे ट्रॉमा सेंटर आहे. कबीरचौऱ्याला शिवप्रसाद गुप्त रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने 2018-19 पासून लहरताऱ्याला आणि विद्यापीठाच्या आवारात अशी दोन कर्करोग रुग्णालयं चालवायला घेतली आहेत. म्हणजे शिकायला जागा आणि शिकून झाल्यावर काम, दोन्ही सायकलच्या टप्प्यात आहे. तरी बजरडीह्याची मुलगी तिथवर पोचत नाही.

आणि तिची गरज तर रोज दिसते. करघ्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या, अंधाऱ्या खोलीत सुताची धूळ ओढणाऱ्या माणसांचा खोकला महिनोन्महिने अंगावर काढला जातो. घरातली बाई दिवसभर नरी (सुताची कांडी) भरते. अंगावरून जातंय किंवा छातीत गाठ लागते आहे, हे ती पुरुष डॉक्टरपुढे उच्चारत नाही. तिच्या गल्लीतली, तिच्या बोलीत बोलणारी परिचारिका समोर असली तर ती पाच मिनिटांत सांगेल. नाशिकहून, लातूरहून आलेली यात्रेकरू म्हातारी घाटावर घसरून पडते, तेव्हा ‘आजी, कुठं दुखतंय’ म्हणणारं कुणी भेटलं की तिचा जीव कसा भांड्यात पडतो, हे आपण पाहिलेलं आहेच. विणकराच्या बायकोलाही तेच हवं आहे.

इथले बहुतेक विणकर मुसलमान. मुसलमानांच्या स्थितीवरच्या सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात राज्यांच्या आरोग्य खात्यांतल्या नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत निघाला होता. तेव्हा लोकसंख्येतला वाटा 13.4 टक्के होता. बुद्धी कमी पडली म्हणून हे झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बनारसी साडीच्या पदराची वीण एकदा उलट बाजूने पाहावी.

आपल्याच भाषेतलं एक उदाहरण सांगतो. कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू, एके काळी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे. मूठभर समाज. त्यातली जेरुशा झिराड पुण्यात शाळा शिकली, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात गेली. पुढे इंग्लंडला जायचं तर घरी एवढा पैसा नव्हता. टाटांच्या निधीतून तिला शिष्यवृत्ती मिळाली, आणि ती दान म्हणून नव्हती, कर्जाऊ होती. 1919 मध्ये ती लंडन विद्यापीठाची एम.डी. झाली. 1928 पासून 1947 पर्यंत मुंबईचं कामा रुग्णालय या बाईंच्या हाताखाली चाललं. 1966 मध्ये पद्मश्री. लहानपणी बहीण फार आजारी पडली आणि कामा रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं, तेव्हा या मुलीने डॉक्टर व्हायचं मनात धरलं होतं. म्हणजे आधी डोळ्यांसमोर एक बाई दिसली आणि मग वेळेवर उसने पैसे मिळाले. आम्ही या दोनच गोष्टी मागतो आहोत.

उसने हा शब्द मुद्दाम वापरला. राज्य सरकारची शिष्यवृत्ती आणि शुल्काची प्रतिपूर्ती आहे, अल्पसंख्याकांनाही आहे. पण ती खात्यात येते मागाहून, आणि कॉलेज पैसे मागतं प्रवेशाच्या दिवशी. त्या मधल्या महिन्यांत मुलगी पुन्हा नरीवर बसते. एवढी फट भरून काढणारा फिरता निधी आपल्याला उभा करायचा आहे: घ्या, शिका, नोकरी लागली की परत करा, म्हणजे पुढच्या मुलीला देता येतील.

आता मुलांशी दोन शब्द. डॉक्टर झालात तर आनंदच आहे, पण एमबीबीएस हुकलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. एएनएम दोन वर्षांचा, त्याला कला शाखेची बारावीही चालते. जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार, डी. फार्म. दोन. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा तेरा भाषांतून देता येते, हिंदीतून आणि उर्दूतूनही. (मराठीतून मात्र महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर, काशीकर मराठी मुलाने हिंदीच पकडावी.)

खरी अडचण अकरावीला येते, आणि गंमत अशी की ती दोन्हीकडे सारखी आहे. मदरशाचं आलिम बारावीच्या बरोबरीचं धरतात, संस्कृत पाठशाळेची उत्तरमध्यमाही. पण नीटला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवंच. म्हणजे चरकाचे श्लोक मुखोद्गत असलेला आपला बटूसुद्धा जीवशास्त्रावाचून आयुर्वेदाच्या पदवीला बसू शकत नाही. तेव्हा दहावी होताच विज्ञान शाखेच्या शाळेत नाव घाला. हे त्या वयात सांगणारं माणूस ना मदनपुऱ्यात भेटतं, ना ब्रह्माघाटावर.

कागदपत्रांचंही तसंच. आमच्याकडे आलेल्या एका मुलीच्या गुणपत्रिकेवर ‘बानो’ होतं, आधारवर ‘खातून’, आणि वडिलांच्या नावात एकीकडे ‘मोहम्मद’, दुसरीकडे नुसतं ‘मो.’ उत्पन्नाच्या दाखल्यावर तिसराच पत्ता. एवढ्यावरून अर्ज अडतो. निवृत्त बँकवाल्यांनो, पोस्टवाल्यांनो, मास्तरांनो, या कामात तुमचा हात धरणारा दुसरा कोण आहे? तहसिलीत कोणत्या खिडकीशी काय मागायचं, हे तुम्हाला झोपेतही येतं. आठवड्याची एक संध्याकाळ द्या.

रात्रपाळीचा प्रश्न खरा आहे. कुठलीही आई रात्री दोनला लंका भागातून अलईपुऱ्यापर्यंत मुलीला ऑटोत एकटी बसवणार नाही. खोली मागतो आहोत ती यासाठीसुद्धा. विशेषतः भदैनी, अस्सी, लंका भागात ज्यांची घरं आहेत त्यांना: तुमची खोली विद्यापीठाच्या रुग्णालयापासून अगदी जवळ आहे.

आणि ‘नर्सला स्थळ कुठून येणार’ हा प्रश्न. रमाबाई रानड्यांनी पुण्यात 1909 मध्ये सेवासदन सुरू केलं आणि पुढे चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्या बायकांना रुग्णसेवेचं शिक्षण घ्यायला लावलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीची घाण काढायची, म्हणून तेव्हा काय काय बोललं गेलं असेल, त्याची कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत. आज त्याच घरांतल्या नाती परदेशी नर्सिंगला गेल्या तर आपण पेढे वाटतो.

विणकर बिरादरीच्या बाईसी, बावनी, चौदहों या पंचायतींच्या सरदार-महतोंनाही आम्ही हेच हिंदी-उर्दूतून कळवत आहोत. त्यांच्या हाकेवर अगहनी जुम्म्याला (अगहन महिन्यातल्या शुक्रवारी) शहरभर ‘मुर्री बंद’ होते, करघे थांबतात, हजारो लोक नमाजाला जमतात. त्या दिवशी दहावीतल्या मुलींच्या बापांना एक वाक्य त्यांनी सांगितलं, तर आमच्या शंभर पत्रकांचं काम होईल. आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवातही यंदा व्याख्यानाची एक संध्याकाळ परिचारिकेला द्यावी, अशी कार्यकर्त्यांना विनंती आहे. कलावंताइतकी बिदागी ती मागणार नाही.

घरात कुणाला ठेवायचं, स्वयंपाक वेगळा की एकत्र, मांसाहार चालेल की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा आणि आधी स्पष्ट सांगा. मुलीही आपल्या अटी सांगतील. अवघड बोलणं पहिल्या दिवशी झालेलं बरं. कुणाच्या सोवळ्याला किंवा नमाजाला धक्का लावायचा नाही, एवढं आमच्या बाजूने पक्कं.

नीटची परीक्षा मे महिन्यात असते, त्याचे अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात, नर्सिंगचे प्रवेश त्यानंतर. म्हणून खोल्यांची यादी होळीच्या आत हाताशी हवी. हे पत्रक घेऊन जो घरी येईल त्याच्याकडे एका कागदावर लिहून द्या: खोली कितव्या मजल्यावर आहे, नळाला पाणी किती वाजता येतं, संडास स्वतंत्र आहे का, रात्री दार कोण उघडेल. भाडं घ्यायचं की नाही, ते समोरासमोर बसून ठरवू.