भाजलेल्या मडक्याचा नाद

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव मातीशी दोन नात्यांनी बांधलेले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत ‘तगर’ या नावाने उल्लेखिलेली पेठ ती हीच. येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या प्राचीन वैभवाच्या भाजक्या मातीतील खुणा आजही पाहावयास मिळतात. दुसरे नाते गोरोबाकाकांचे. संतमंडळी तेरला जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक पारखले आणि मार लागताच रागावलेल्या नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे.

या कथेतील एक बारकावा सहसा लक्षात घेतला जात नाही. कुंभार मडके पारखतो ते केवळ फुटते की नाही एवढे पाहण्यासाठी नव्हे. तो त्याचा आवाज ऐकतो. आव्यातून नीट भाजून निघालेले मडके खणखणते, कच्चे बद्द वाजते. मार तर दगडही सोसतो, पण त्यातून नाद निघत नाही. सहनशीलता आणि आनंद यांचा संबंध असाच आहे. ख्रिस्ती चिंतनात या संबंधाला जे मध्यवर्ती स्थान आहे, त्याचा विचार तेरच्या पार्श्वभूमीवर करावासा वाटतो.

हा विचार करताना एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. १९७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी भोगला, कर्जापायी घरातला कर्ता पुरुष ज्यांनी गमावला, त्या मराठवाड्यातील माणसांना सोसण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणास आहे? ‘सोसा, म्हणजे पुण्य लागेल’ हे वाक्य आपल्याकडे सुनेला, सालगड्याला आणि अस्पृश्य मानलेल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले. सोसण्याचा उपदेश अन्यायाची ढाल होऊ शकतो. ख्रिस्ती धर्मोपदेशकही या दोषापासून सर्वस्वी मुक्त राहिले आहेत, असे म्हणता येणार नाही.

परंतु शुभवर्तमानातील ख्रिस्ताकडे नीट पाहिले, तर हा उपदेश त्याच्या नावावर खपविता येत नाही. गेथशेमाने बागेत, हा प्याला टळावा, अशी प्रार्थना त्याने केली. मित्राच्या कबरीपाशी तो रडला. वधस्तंभावर, देवाने आपणास का टाकले, असा आक्रोश त्याने केला. ज्याने मंदिरातील सराफांचे चौरंग उलथले, तो अन्यायापुढे मुकाट राहणारा नव्हता. त्याचे सोसणे दुःखावरील प्रेमातून आलेले नाही. माणसांवरील प्रेमामुळे ते त्याच्या वाट्याला आले. म्हणूनच ‘इब्री लोकांस पत्र’ लिहिणारा खचलेल्या वाचकांना ख्रिस्ताकडे दृष्टी लावावयास सांगतो, तेव्हा पुढे असलेल्या आनंदासाठी त्याने वधस्तंभ सोसला, हे तो आवर्जून नमूद करतो. येथे आनंद हा सोसण्याचे केवळ फळ नाही, त्याचे मूळही आहे. तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिणारा पौल पुन्हा पुन्हा आनंदाचीच भाषा बोलतो. हाच पौल अन्यत्र माणसाला मातीचे भांडे म्हणतो. ठेवा मोलाचा, भांडे ठिसूळ. तेरच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

या चिंतनाची साक्ष मराठी मातीतच मिळते. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर स्वतःच्या दुःखाला कुरवाळीत त्या बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणण्याचे व्रत त्यांनी सोडले नाही. १९२२ मध्ये त्यांचा देह पडला, तो हे काम हातून पूर्ण करूनच.

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग वेगळा. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. कित्येक वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे स्वतःच्या विचाराने, एकेक पायरी चढत, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना थक्क व्हावयास होते ते या बाईंच्या विनोदाने. अपत्यवियोग, दारिद्र्य, विक्षिप्त पतीचा संसार, सारे सांगताना त्या हसतात आणि पहिले हसू स्वतःलाच हसतात. हाच तो भाजलेल्या मडक्याचा नाद. टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, तेव्हा शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. ख्रिस्तचरित्राचे चिंतन हे त्यांचे उतारवयातील नित्यकर्म झाले. आणि स्वतः टिळक तर आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे मानीत. त्यामुळे गोरोबांच्या गावी ही नावे घेताना परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

यावरून खऱ्या सोसण्याची एक कसोटी हाती येते. जे सोसणे माणसाला मुके व कोरडे करते, ते ख्रिस्ताच्या चिंतनातून आलेले नव्हे. ते केवळ हतबलतेतून येते आणि त्याची कारणे दूर करणे हेच समाजाचे कर्तव्य ठरते. ज्या सोसण्यातून शेजाऱ्याच्या दुःखाकडे लक्ष वळते, अन्यायाला अन्याय म्हणण्याचे धैर्य येते आणि तरीही ओठांवरचे हसू मावळत नाही, ते चिंतनाचे फळ होय. असे चिंतन संकटाच्या दिवशी अकस्मात साधत नाही. माती कालविणे, तुडविणे, चाकावर चढविणे, वाळविणे आणि मग आवा, असा तो क्रम आहे. रोजच्या शाळेत, कचेरीत, संसारात घटकाभर शांत बसून त्या जीवनाकडे पाहण्याची सवय लावली, तरच थापटणे पडेल त्या दिवशी आतून नाद उमटेल.

दुष्काळाशी झुंजणाऱ्या शेतकऱ्याला आपण पाणी, रास्त भाव आणि कर्जातून सुटका देणे लागतो. त्याऐवजी प्रवचन देणे हा अपराध आहे. परंतु हे सारे मिळवून देण्यासाठी जे वर्षानुवर्षे झटतील, त्यांनाही न खचण्याचे बळ कोठून तरी आणावेच लागेल. रमाबाईंनी आणि लक्ष्मीबाईंनी ते कोठून आणले, हे आपण निदान समजून घ्यावे.